अपूर्णांकांची बेरीज आणि रोजच्या व्यवहारातली उदाहरणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाचवी-सहावीच्या मुलांना गणित शिकवताना दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही पालकांचे असतात, काही खुद्द मुलांचे, आणि मुलांचे जास्त अवघड असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं सोलापूरच्या घरांतली आणि बाजारातली आहेत.

मुलाला अपूर्णांकांची बेरीज येते, पण शाब्दिक उदाहरण दिलं की गाडी अडते. असं का होतं?

"येते" म्हणजे बहुतेक वेळा रीत पाठ असते. वहीत १/२ + १/४ लिहून दिलं की मुलगा छेद सारखे करून ३/४ काढतो. तेच "अर्धा किलो शेंगदाणे आणि पाव किलो डाळं घेतलं, पिशवीचं वजन किती?" असं विचारलं की तो मान वर करून म्हणतो, "बेरीज करायची का गुणाकार?" त्याला आकडे दिसतात, पिशवी दिसत नाही.

म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधी दोन प्रश्न तोंडी विचारा. पहिला: हा अर्धा *कशाचा*? किलोचा, तासाचा, टाकीचा, की उरलेल्या पैशांचा? दुसरा: उत्तर साधारण किती येईल, अर्ध्याहून कमी की जास्त, एकाहून कमी की जास्त? एवढं झालं की निम्मं काम झालं. खाली जवळजवळ प्रत्येक उत्तरात हेच दोन प्रश्न पुन्हा येतील, त्याला इलाज नाही.

आमची मुलगी १/२ + १/३ = २/५ असं लिहिते. दहा वेळा सांगूनही पुन्हा तेच.

अकराव्यांदा सांगू नका, विचारा. "२/५ हे अर्ध्याहून जास्त की कमी?" पाचाचं निम्मं अडीच, म्हणजे २/५ अर्ध्याहून कमी. "मग आधी अर्धी भाकरी खाल्ली, वर अजून थोडी खाल्ली, आणि सगळी मिळून अर्ध्याहून कमी झाली?" इथे बहुतेक मुलं हसतात. स्वतःचं उत्तर स्वतःच खोडलेलं जास्त टिकतं.

मग घड्याळ दाखवा. अर्धा तास ३० मिनिटं, तासाचा तिसरा हिस्सा २० मिनिटं, मिळून ५० मिनिटं. साठातले पन्नास म्हणजे ५/६. आता वहीत ३/६ + २/६ लिहिलं की ते कुठून आलं हे तिला ठाऊक असतं.

घटक चाचणीत १० पैकी ७ आणि २० पैकी १३ मिळाले. सरांनी एकूण ३० पैकी २० लिहिले. म्हणजे वरचे वर आणि खालचे खाली मिळवलेले चालतात की! (सहावीतल्या मुलीचा प्रश्न)

हा प्रश्न कुणी विचारला तर उडवून लावू नका, कारण तो बिनतोड आहे. सरांचंही बरोबर आहे. फक्त त्यांनी जे केलं ती अपूर्णांकांची बेरीज नाही.

७/१० हा दहा गुणांच्या पेपरातला हिस्सा. १३/२० हा वीस गुणांच्या पेपरातला. सरांनी दोन्ही पेपर एकत्र बांधले आणि तीस गुणांचा एक नवा "पूर्ण" तयार केला. २०/३० हा त्या नव्या पूर्णाचा भाग आहे. म्हणजे मधल्या मध्ये पूर्ण बदलला. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण बदलत नाही, तोच राहतो.

आता तेच आकडे तेलाला लावून पाहा. एका बाटलीत ७/१० लीटर करडईचं तेल, दुसरीत १३/२० लीटर. दोन्ही हिस्से एकाच मापाचे, लीटरचे. ७०० मिली आणि ६५० मिली मिळून १३५० मिली, म्हणजे २७/२० लीटर, म्हणजेच १ पूर्णांक ७/२० लीटर. इथे कुणी २०/३० लीटर म्हणालं तर ते सुमारे ६६७ मिली होतं, म्हणजे पहिल्या बाटलीत होतं त्याहूनही कमी! दुसरी बाटली ओतल्यावर तेल घटलं कसं, एवढंच विचारा.

क्रिकेटचंही असंच. एका डावात २० चेंडूंपैकी ५ चौकार, दुसऱ्यात ३० पैकी ६, तर मिळून ५० पैकी ११. "इतक्यांपैकी इतके" असे दोन गट एकत्र करायचे असले की वर-वर, खाली-खाली. एकाच वस्तूचे किंवा एकाच मापाचे दोन भाग जोडायचे असले की समच्छेद, म्हणजे आधी छेद सारखे करायचे. हा फरक सहावीत कळला तर पुढे सरासरी आणि शेकडेवारीत फार त्रास होत नाही.

छेद सारखे करायचेच का? चित्राने कसं दाखवायचं?

चौकटींच्या वहीत तीन ओळी आणि चार उभे रकाने असा आयत काढा. बारा घरं झाली. एक आडवी ओळ म्हणजे आयताचा १/३, म्हणजे चार घरं. एक उभा रकाना म्हणजे १/४, म्हणजे तीन घरं. ओळीचा तुकडा आणि रकान्याचा तुकडा वेगवेगळ्या आकाराचे, त्यामुळे "दोन तुकडे" म्हणून काही कळत नाही. घरात मोजले की ४ + ३ = ७, उत्तर ७/१२. समच्छेद करणं म्हणजे दोन्ही भाग एकाच मापाच्या घरांत मोजणं.

एक गोम आहे. मूल ओळ लाल आणि रकाना निळा रंगवतं, तेव्हा एक घर दोन्हींत येतं. मग ते रंगीत घरं मोजतं आणि ६/१२, म्हणजे अर्धं, असं सांगतं. रागावू नका. "या घरावर दोनदा रंग बसला, तर एक घर बाहेर कुठेतरी रंगवायला हवं ना?" म्हणा. शेजारचं रिकामं घर रंगवलं की सात होतात. ही चूक मुद्दाम होऊ द्यावी असं मी म्हणेन.

भाकरीचे तुकडे करून शिकवू का?

अर्धा आणि पाव एवढ्यापुरतं ठीक. पुढे नको. ताजी भाकरी सुरीने चार भागांत कापता येते. कडक भाकरी मात्र आपल्या मर्जीने मोडते: एक तुकडा मोठा, एक लहान, वर ताटात चुरा, आणि चुरा कुणाच्या हिश्शात धरायचा यावर भावंडांचं भांडण. चार तुकडे झाले म्हणजे प्रत्येक तुकडा पाव, असा चुकीचा समज मात्र पक्का होतो. तुकडे *समान* हवेत, ही अपूर्णांकाची पहिली अट.

त्यापेक्षा घरातली चादर घ्या, ती तर सोलापुरात कुठेही सापडेल. एकदा घडी घातली की अर्धा, त्याच दिशेने पुन्हा घातली की पाव, तिसऱ्यांदा की आठवा भाग. उलगडून घड्यांच्या रेघा मोजा. एका काठापासून मधल्या रेघेपर्यंत १/२, तिथून पुढचा एक पट्टा १/८, मिळून पाच पट्टे, म्हणजे ५/८. तिसऱ्या हिश्शाची घडी चादरीवर नीट बसत नाही, त्यासाठी बारा इंच लांबीची कागदी पट्टी बरी.

उदाहरणं बनवताना वस्तू कोणती निवडावी?

छेद बघून निवडावी. याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही आणि मग "१/३ किलो साखर" अशी उदाहरणं तयार होतात. किराणा दुकानात १/३ किलो मागून बघा. ३३३ ग्रॅम आणि वर थोडंसं, दुकानदार काय मापणार?

किलो आणि लीटरला २, ४, ५, ८, १०, २० हे छेद छान बसतात, कारण हजाराला त्यांनी भाग जातो. तीन आणि सहा आले की तासाकडे वळा: साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० इतक्या संख्यांनी भाग जातो. म्हणून मला घड्याळ सगळ्यांत आवडतं. आठ मात्र घड्याळात नको, साडेसात मिनिटं होतात. डझनाला २, ३, ४, ६ आणि १२, त्यामुळे केळी आणि बांगड्या कामाला येतात. शंभर किंवा दोनशे रुपयांना २, ४, ५, १०, २०.

शेंगा चटणीचं उदाहरण घ्या. भाजलेले दाणे ३/४ किलो, लसूण १/२० किलो, तिखट १/१० किलो. मीठ-जिरं सोडून कुटायला किती वजन जमलं? छेद २० करा: १५/२० + १/२० + २/२० = १८/२० = ९/१० किलो. ग्रॅममध्ये पडताळा: ७५० + ५० + १०० = ९००. जुळलं.

पण हेच वाट्यांत विचारू नका. एक वाटी दाणे आणि पाव वाटी तिखट कुटल्यावर सव्वा वाटी चटणी होत नाही, कमी होते, कारण तिखट दाण्यांच्या फटींत बसतं. वजन जमतं, वाटी जमत नाही. वाटीची उदाहरणं एकाच पदार्थाची ठेवा.

लसावि काढायचा की तिरकस गुणाकार करायचा?

दोन्ही बरोबर. लसावि म्हणजे दोन्ही छेदांचा लघुतम सामाईक विभाज्य; तिरकस गुणाकारात प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणायचं आणि छेदाला छेदाने. छेद लहान असले किंवा त्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसला (३ आणि ५, ४ आणि ७) तर तिरकस गुणाकार झटपट होतो. छेद मोठे असले की तो महागात पडतो. ५/१२ + ७/१८ घ्या. लसावि ३६, म्हणून १५/३६ + १४/३६ = २९/३६. तेच तिरकस केलं तर (९० + ८४)/२१६ = १७४/२१६, आणि मग सहाने भागून पुन्हा २९/३६. संक्षिप्त रूप द्यायचं विसरलं तर शिष्यवृत्ती परीक्षेच्या पर्यायांत १७४/२१६ बहुधा सापडणार नाही आणि मूल गोंधळेल.

अपूर्णांकांसाठी लसावि वापरण्याची रीत महावीराचार्यांनी नवव्या शतकात सांगितली. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, आणि त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड. मुलांना हे सांगितलं की लसावि जरा ओळखीचा वाटतो.

"एकूण" किंवा "मिळून" शब्द दिसला की बेरीज करायची, असं शिकवलं तर चालेल का?

नाही. पहिल्या आठवड्यात सोपं वाटतं, नंतर घात करतं. हे बघा: "नळाला पाणी आलं तेव्हा टाकी पूर्ण भरून घेतली. पहिल्या दिवशी टाकीचा १/४ आणि दुसऱ्या दिवशी ३/८ भाग वापरला. टाकीत एकूण किती पाणी उरलं?" शब्द "एकूण" आहे, पण बेरीज करून थांबलं की उत्तर ५/८ येतं आणि ते चूक. वापरलं ५/८, उरलं ३/८. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे टाकीत किती उरलंय याची चिंता मुलांना शब्दांवाचूनच कळते. शब्द शोधायला लावण्यापेक्षा गोष्ट सांगायला लावा.

"उरलेल्याचा" असलेल्या उदाहरणात हमखास चुकतं. काय करावं?

आयत काढा, दुसरा उपाय नाही. उदाहरण: मंगळवेढ्याकडच्या एका शेतात ज्वारीची काढणी चालू आहे. पहिल्या दिवशी शेताचा १/३ भाग काढला, दुसऱ्या दिवशी उरलेल्याचा १/२. दोन दिवसांत किती काढणी झाली?

घाईत १/३ + १/२ = ५/६ येतं. पण तो १/३ अख्ख्या शेताचा आहे आणि १/२ उरलेल्या शेताचा. "कशाचा?" विचारलं की दोन वेगळी उत्तरं येतात, तिथेच थांबायचं. आयताचे तीन पट्टे करा. पहिल्या दिवशी एक गेला, दोन उरले, त्यांतला निम्मा म्हणजे एक. एकूण दोन पट्टे, २/३.

मग त्याच उदाहरणातून "उरलेल्याचा" हा शब्द काढून "शेताचा" घाला आणि पुन्हा सोडवायला द्या. आता ५/६ बरोबर. दोन्ही एकाच पानावर शेजारी-शेजारी ठेवा.

उत्तर एकापेक्षा जास्त आलं तर?

गोष्टीवर अवलंबून आहे. अभ्यास ३/४ तास आणि खेळ २/३ तास, मिळून १७/१२, म्हणजे १ पूर्णांक ५/१२ तास. ४५ आणि ४० मिळून ८५ मिनिटं, सगळं ठीक. पण "यंत्रमागाच्या कारखान्यात टॉवेलच्या मागणीचा २/३ भाग दिवसपाळीत आणि १/२ भाग रात्रपाळीत विणला" असं असेल तर ७/६ येतं. म्हणजे मागणीपेक्षा जास्त माल विणला, नाहीतर उदाहरण देणाऱ्याचं काहीतरी चुकलं. मुलाला हे बोलू द्या. अशी एखादी फसवी बेरीज मुद्दाम द्यावी.

घरी आम्ही पाव, पाऊण, सव्वा, दीड असंच बोलतो. ते चालेल का, की ३/४ म्हणायची सवय लावावी?

आधी घरचं बोला, मग वहीत लिहा. ज्या मुलाला "पाऊण आणि अर्धा किती?" याचं उत्तर तोंडी "सव्वा" असं येतं, त्याने ३/४ + १/२ = ५/४ आधीच केलेलं आहे, फक्त त्याला ते माहीत नाही. सोलापुरात कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात. तिथे पाऊणला मुप्पावु किंवा मुक्कालु म्हणत विचारलं तरी काही बिघडत नाही. भाजी आणि वेळ यांचा हिशोब मूल ज्या भाषेत करतं, त्याच भाषेत अंदाज घ्या.

मुलगी सेमी इंग्रजीला आहे. न्यूमरेटर-डिनॉमिनेटर म्हणायचं की अंश-छेद?

वर्गात जे चालतं तेच. घरी "वरचा" आणि "खालचा" म्हटलं तरी पुरे.

कोणत्या इयत्तेपासून सुरू करावं?

अर्धा, पाव, पाऊण यांची तोंडी बेरीज तिसरी-चौथीपासून. समच्छेद आणि सममूल्य अपूर्णांक साधारण पाचवीत, पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज सहावीत पक्की होते. सममूल्य कच्चं असेल तर भिन्नछेदाच्या बेरजेला हात लावू नका. आधी १/२, २/४, ३/६ ही माळ तोंडपाठ नव्हे, पट्टीवर दाखवता यायला हवी.

रोज किती उदाहरणं द्यावीत?

एक. नीट, गोष्टीसकट, अंदाज आणि पडताळ्यासकट. वीस बेरजांचं पान भरून घेतलं की हात चालतो, डोकं थांबतं.

दशांश आणि कॅल्क्युलेटर असताना हे सगळं कशाला?

१/३ तासाचं दशांशात काय कराल? ०.३३३… लिहीत बसावं लागेल, मिनिटांत मात्र सरळ वीस. शिवाय सातवी-आठवीत अक्षरं असलेले अपूर्णांक येतात, तिथे हीच रीत लागते.

मुलांनी स्वतः उदाहरणं बनवावीत का?

जरूर. तिथेच खरं कळतं. "आईने १/२ चहा आणि १/३ साखर घेतली, तर किती?" असं काही लिहून आणलं तर समजायचं की "कशाचा" अजून बसलेलं नाही. अर्धा काय, कप की किलो? आणि चहा-साखर मिळून उत्तर कशाचं? एवढं विचारा आणि उदाहरण त्यालाच दुरुस्त करू द्या. मोठ्यांनी दुरुस्त करून दिलेलं उदाहरण मुलं विसरतात.

घरी द्यायला काही तयार उदाहरणं मिळतील का?

ही घ्या. आकडे सरावासाठी बेतलेले आहेत.

एसटीने सोलापूरहून मोहोळला ३/४ तास लागला, स्थानकात गाडी १/६ तास थांबली, पुढे पंढरपूरला पोचायला १ पूर्णांक १/१२ तास. एकूण किती वेळ? (९/१२ + २/१२ + १३/१२ = २४/१२, बरोबर २ तास. मिनिटांत ४५ + १० + ६५ = १२०.)

संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत २०० रुपये घेऊन गेलेल्या मुलीने २/५ पाळण्यांवर, १/४ खाण्यावर आणि ३/१० खेळण्यांवर खर्च केले. किती उरले? (८/२० + ५/२० + ६/२० = १९/२०, उरला १/२०, म्हणजे १० रुपये. ८०, ५० आणि ६० असे वेगवेगळे काढूनही बघा.)

टॉवेलच्या मागणीचा २/५ भाग एका मागावर आणि १/३ दुसऱ्यावर विणला. मागणी ३०० टॉवेलची असेल तर किती तयार झाले? (६/१५ + ५/१५ = ११/१५, म्हणजे २२० टॉवेल.)

शेतावर हुरडा खायला पाहुणे आले. पहिल्या पंगतीला १/२ किलो, दुसरीला ३/८ किलो, उशिरा आलेल्यांना १/४ किलो हुरडा लागला. (४/८ + ३/८ + २/८ = ९/८, म्हणजे १ पूर्णांक १/८ किलो, ११२५ ग्रॅम.)

आणि शेवटचं, जरा फसवं. वरच्या मजल्यावरची टाकी १००० लीटरची, ती १/२ भरली आहे. खालची ५०० लीटरची, ती ३/५ भरली आहे. मिळून किती? इथे १/२ + ३/५ = ११/१० लिहिणारी मुलं बरीच निघतील. टाक्या वेगळ्या मापाच्या आहेत, म्हणून आधी लीटर: ५०० + ३०० = ८०० लीटर. अपूर्णांकातच उत्तर हवं असेल तर वरच्या टाकीचा ४/५, किंवा दोन्ही टाक्यांच्या मिळून १५०० लीटरचा ८/१५.